कागदावरचे पाणी

दिवाळीत मुलुंडच्या आमच्या घराच्या खिडकीत मी एक पणती वेगळी ठेवतो. शेजारची मुले दर वर्षी विचारतात, "सर, ही एकटीच इथे का?" मी म्हणतो, "ती धाकट्या आजीची." खरे म्हणजे ती मी बोललेल्या एका खोट्याची आहे.

धाकटी आजी म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. आमचे गाव महाडच्या बाजूला. धाकटे आजोबा मराठा पलटणीतून दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि १९४४ च्या हिवाळ्यात तिकडेच संपले. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. मागे उरला तो पत्र्याच्या पेटीतला एक इंग्रजी कागद.

मी सातवीत होतो. सुट्टीत गावी गेलो असता एका दुपारी चकल्या तळून झाल्यावर आजीने ती पेटी उघडली. "तू विंग्रजी शिकतोस ना? वाच बघू." इतकी वर्षे लोकांनी तिला एवढाच अर्थ सांगितला होता, की माणूस गेला. मी अक्षरे लावली, 'डाइड ऑफ वूंड्स'. म्हणालो, "जखमांनी गेले."

ती बराच वेळ चुलीतल्या निखाऱ्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे लगेच नाय गेले. पडून असतील. पाणी मागितलं असंल, तर कुणी दिलं असंल का रे?"

मला काय ठाऊक? पण मी ठासून सांगितले, "हो आजी. कागदावर लिहिलंय. डॉक्टर होते, पाणी दिलं."

तिने कागद कपाळाला लावला. पुढे मरेपर्यंत ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमच्या माणसाला पाणी मिळालं. कागदावर हाय."

मी मास्तर झालो, मुलांना 'खरे बोला' म्हणून शिकवू लागलो, आणि ते वाक्य घशाशी अडकू लागले. म्हणून त्या युद्धाविषयी मिळेल ते वाचत गेलो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. सारे सोबती पडल्यावर एकट्याने मशीनगनचा मोर्चा जिंकला, आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी त्यांचा प्राण गेला. वय अवघे बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगे नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे. त्या हिवाळ्यात सेनिओ नदीच्या काठी दोन्ही सैन्ये उंच पूरबांधांत खंदक खणून समोरासमोर बसली होती. तिथेच ९ एप्रिल १९४५ रोजी नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोघा जखमींना एकेक करून नदीच्या पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे वाहून आणले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

वाचता वाचता एक साधी गोष्ट उमगली. रणांगणावरच जो गेला, त्याच्यापुढे 'किल्ड इन अ‍ॅक्शन' लिहीत. 'डाइड ऑफ वूंड्स' लिहीत ते ज्याला तिथून उचलून मलमपट्टीपर्यंत पोहोचवले, त्याच्यापुढे. म्हणजे आमच्या आजोबांना कुणीतरी खांद्यावर घेतले होते. कुणाचा तरी हात त्यांच्या अंगावर होता. डॉक्टरचे मी सांगितलेले त्या तीन शब्दांत होतेच. मला तेव्हा वाचता आले नव्हते, इतकेच.

हे कळले, तेव्हा आजीला जाऊन बरीच वर्षे झाली होती. मागच्या गणपतीत गावी जाताना मी माणगावला उतरलो आणि घाडग्यांच्या पुतळ्यापुढे उभा राहिलो. हार घातला. मनात म्हटले, यातले एक फूल आमच्या माणसाचे समजा. त्याला पुतळा नाही.

पाण्याचे मात्र कागदावर काही नाही. म्हणून खिडकीतल्या त्या पणतीशेजारी मी तांब्याभर पाणी ठेवतो.