दोष आसनाचा

आमचे एकत्र कुटुंब दिघीस राहते. घरात सर्वांत उंच आमचा पुतण्या. उंची 6 फूट 2 इंच. चाकणच्या कारखान्यात तो नोकरीस आहे व मोशीवरून मोटारसायकलने रोज जातो-येतो. गतवर्षी भाद्रपदात त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या वडीलबंधूंच्या, श्राद्धास तो पाटावर बसला आणि संकल्प होतो न होतो तोच उठून उभा राहिला. "बापासाठी तासभर बसवत नाही?" असे आम्ही त्यास भटजींसमक्ष बोललो. त्याने उत्तर दिले नाही. निमूटपणे पुन्हा बसला.

पुढे आठ दिवसांनी कामानिमित्त त्याच्या मागे बसून चाकणास जाण्याचा योग आला. वाटेत तो वारंवार अंग उचली, पाय लांब सोडी. घरी येताच आम्ही दोरी घेऊन माप केले. गुडघ्यापासून तळव्यापर्यंत 22 इंच. बैठकीपासून पाय ठेवण्याच्या दांडीपर्यंत जेमतेम 18! मुलगा रोज दोन वेळा जवळजवळ उकिडवाच बसून जात होता. गुडघे वर आले की कंबर मागे कलते, पाठीस बाक येतो आणि भार माकडहाडावर पडतो. त्यात बैठक पुढे उतरती. ब्रेक लावताच स्वार टाकीवर घसरे.

आसन फार उंच नसावे व फार खालीही नसावे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. 30 वर्षे आम्ही हे मुलांस शिकविले. परंतु उंच-सखल ठरवावयाचे ते बसणाराच्या मापाने, हे कधी मनात आले नाही.

भोसरीस एका बैठका शिवणाऱ्या कारागिराकडे आम्ही मऊ फोम मागितला. तो हसून म्हणाला, "काका, दुकानात मऊ लागतो तोच फोम चाकणला पोचेतो दबून तळाला टेकतो." त्याने घट्ट फोम घेतला, स्वाराची जागा 2 इंच उंच केली, उतार काढून ती सपाट व मागे रुंद केली. शिवण बाजूस घेतली, म्हणजे पावसाचे पाणी आत मुरावयाचे नाही. मागची जागा होती तशीच ठेविली. घरच्या बायकांस व आम्हांस चढता आले पाहिजे! रेक्झिन चढविण्यापूर्वी कच्चा फोम बांधून मोशीपर्यंत फेरी मारविली. जुनी बैठक न मोडता त्याच मापाच्या दुसऱ्या तळावर हे काम केले, हेही शहाणपणाचे.

महिन्याभरात कंबरेचे दुखणे पुष्कळ उतरले. यंदा श्राद्धास आम्ही स्वतः त्याच्यापुढे पाटाऐवजी चौरंग मांडला. भटजींनी हरकत घेतली नाही. तो अखेरपर्यंत बसला.

पतंजलींनी आसनास स्थैर्याबरोबर सुखही सांगितले आहे. आम्ही मुलाजवळ स्थैर्य तेवढे मागत होतो. गतवर्षीचे शब्द आता परत घेता येत नाहीत. वाचकांस इतकेच सुचवितो की, घरातील उंच मुलास बोलण्यापूर्वी एकदा दोरी हाती घ्यावी.