ऐकणाऱ्याचं काम

25 नोव्हेंबर हा महिलांवरील हिंसाचार संपवण्याचा जागतिक दिवस. मध्य प्रदेशातल्या, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या सौंसर भागात तो ऐन कापूस वेचणीत येतो. त्याच दिवसांत आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली असतात. राष्ट्रीय ग्रामीण आजीविका मिशनची ‘नई चेतना’ मोहीम 2022 पासून दरवर्षी याच दिवशी सुरू होते आणि महिनाभर चालते. जामसांवलीच्या आसपासच्या गावांत महिला समूहांबरोबर मी हे काम करते.

रॅली, शपथ, रांगोळी, पथनाट्य असा कार्यक्रम ठरलेला असतो. पण दिवसा रॅली काढली, तर गावात भेटतात म्हाताऱ्या आणि शाळकरी पोरं. जिच्यासाठी हे सगळं, ती वावरात वाकून कापूस वेचत असते. म्हणून आम्ही बैठका धुऱ्यावर घ्यायला लागलो, दुपारी भाकर सोडायच्या वेळी. तिथे घरचं माणूस जवळ नसतं, त्यामुळे बाया मोकळ्या बोलतात.

तरीही पहिल्या झटक्यात कोणी स्वतःचं सांगत नाही. शेजारणीचं सांगते.

“आमच्या बाजूची रोज मार खाते वो बाई. लेकरं रडतात, आम्ही दार लावून घेतो.”

“दार काऊन लावता?”

“त्याइच्या घरचं आहे ना ते. मधात पडलं तं आपल्यावरच येते.”

हे उत्तर मी गावोगाव ऐकलं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29.3 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. ज्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, त्यांच्यातल्या फक्त 14 टक्के बायांनी कुणाकडे मदत मागितली. या आकड्यांमागची बाई अबोल असेल, पण तिच्या गल्लीला सगळं माहीत असतं. भिंतीपलीकडे ऐकू जातं, सकाळी नळावर सुजलेला डोळा दिसतो. आणि आमची पोस्टरं मात्र मार खाणाऱ्या बाईलाच म्हणत होती, ‘चुप्पी तोडो’.

जामसांवलीच्या हनुमान मंदिरात मला हे अधिक लख्ख कळलं. पिंपळाखाली निजलेल्या हनुमानाची ही जागा. मंगळवार-शनिवारी नागपूर, अमरावती, बैतूल, छिंदवाड्याकडून गाड्या भरून लोक येतात. मीही लहानपणापासून इथे दर्शनाला येते. ज्यांच्या डोक्यावर परिणाम झाला, ज्यांना बाहेरची बाधा झाली असं घरचे समजतात, अशा माणसांनाही इथे मोठ्या आशेनं आणतात. त्यांत बाया पुष्कळ असतात. मोहिमेच्या दिवसांत आम्ही मंदिराबाहेर नारळ-प्रसादाच्या दुकानांजवळ बसायचो. आलेल्यांना पाणी द्यायचो आणि ज्यांना बोलायचं असेल त्यांच्याशी बोलायचो.

एक तरुण सून अशीच आणलेली होती. ती रात्री किंचाळत उठते, जेवत नाही, एकटक बघत राहते, असं सासू सांगत होती. सासूच्या बोलण्यात खरी काळजी होती. सासू दर्शनाच्या रांगेत गेल्यावर सोबत आलेली शेजारीण माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “बाधा-गिधा काही नाही वो. नवऱ्याच्या गाडीचा आवाज आला का हे कापते. मी भिंतीला भिंत लावून राहते, मले सगळं ऐकू येते. पण मी सांगू कोणाले? मी तं तिची कोणीच नाही.”

या प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याचं चौथं कलम म्हणतं, की अशी हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला सकारण वाटतं, तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो. त्याला नात्याची अट नाही. चांगल्या हेतूनं दिलेल्या खबरीबद्दल त्या माणसावर खटला किंवा भरपाईचा दावा चालत नाही. ‘आपल्यावरच येते’ या भीतीवर कायद्यानं आधीच उपाय करून ठेवलाय, आणि तो आम्ही कुठल्याच भिंतीवर लिहिला नव्हता.

मी तिला हे सांगितलं. आमच्या सीमेवरच्या गावांच्या कामाची आणखी एक गोष्टही सांगितली. इथे बाईचं सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्यात असतं. पण अर्ज सासरच्याच कोर्टात करावा लागत नाही. बाई जिथे तात्पुरती राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तो करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यायची असते आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करायचा असतो. घर तिच्या नावावर नसलं, तरी तिथे राहायचा तिचा हक्क असतो.

त्या शेजारणीनं खबर दिली. सून काही काळ माहेरी आली आणि तिथून तिनं अर्ज केला. तिला संरक्षणाचा आदेश मिळाला. डॉक्टरकडे तिचे उपचारही सुरू झाले, कारण भीतीनं पोखरलेल्या मनाला औषधाचीही गरज होती. जामसांवलीला ती आजही येते, दर्शनासाठी, स्वतःच्या मर्जीनं.

त्यानंतर आमची मोहीम बदलली. आता भिंतीवर आम्ही मराठीत लिहितो: ‘शेजारच्या घरात मार ऐकू आला, तर तुम्ही खबर देऊ शकता.’ खाली 181 आणि 112 हे नंबर असतात. 181 आमच्याकडे लोकांना मुख्यमंत्री हेल्पलाइनचा म्हणून पाठ आहे. हँडपंप बिघडला, रेशन अडलं, की लोक तोच लावतात. महिला हेल्पलाइनचा नंबरही तोच असल्याचं बैठकीत मुद्दाम सांगावं लागतं. मन सैरभैर झालेल्या माणसासाठी टेली-मानसचा 14416 हा नंबरही आम्ही देतो. आमचा पांढुर्णा जिल्हा 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा झाला. अनेकांच्या डोक्यात अजून छिंदवाडाच असतो, म्हणून संरक्षण अधिकारी कुठे बसतो हे आम्ही आधी जाऊन बघून येतो आणि मग गावात पत्ता सांगतो.

पुरुषांच्या बैठका वेगळ्या घेतो. त्यांना भाषण देत नाही. “रात्री आवाज आला तर तुम्ही काय करता?” एवढंच विचारतो. सुरुवातीला सगळे गप्प बसतात. मग कोणी म्हणतो, मी दार वाजवून माचिस मागतो. कोणी म्हणतो, बाहेरून हाक मारतो. मारणाऱ्याचा हात तेवढ्यापुरता थांबतो, हे त्यांनी स्वतःच अनुभवलेलं असतं. फक्त हे चांगलं काम आहे, असं त्यांना आजवर कोणी म्हटलेलं नसतं. ते आम्ही सगळ्यांसमोर म्हणतो.

मार खाणाऱ्या बाईकडून धैर्य मागणं सोपं आहे, पण ते न्याय्य नाही. तिच्याजवळ रात्र काढायला दुसरं घर नसतं, हातात पैसा नसतो, पदराला लेकरं असतात. शेजाऱ्याला यातलं काहीच आड येत नाही. म्हणून हिंसा थांबवायची पहिली जबाबदारी ऐकणाऱ्यांची आहे, हेच मी आता प्रत्येक गावात सांगते. येत्या 25 नोव्हेंबरला आमच्या गावांतली शपथही तीच असेल: मी ऐकलं, तर दार वाजवीन आणि खबर देईन.