पॉलिसीत नसलेली जागा

रविवारची मिस्सा आटोपून मी वेदीमागच्या खोलीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या नांदेडच्या धर्मग्रामातील एक शिक्षक मोटारीच्या विम्याचे कागद घेऊन दारात उभे राहिले. त्यांचा मुलगा सतरा वर्षांचा. बारावीच्या शिकवणीसाठी लातूरला राहतो.

"फादर, पोराचं नाव या पॉलिसीत घालायचंय. माझ्या मेहुण्यानं अमेरिकेत तसंच केलं. हप्ता वाढला, पण पोरगं बिनघोर गाडी चालवतंय."

मी कागद वाचले. तिकडे विमा ठरविताना चालकाचे वय पाहतात. घरात सोळा-सतराचा चालक आला की हप्ता चांगलाच चढतो. आपल्याकडे विमा गाडीचा. खासगी मोटारीच्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. मुलाचे नाव लिहायला जागाच नाही. अट एवढीच की, चालविणाऱ्यापाशी वैध परवाना हवा. शिकाऊ परवानाही चालतो, मात्र शेजारी परवानाधारक आणि गाडीवर 'एल'ची पाटी हवी. मोटारीसाठी तोही अठरा वर्षे पुरी झाल्याशिवाय मिळत नाही. (सोळाव्या वर्षी मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा. लातूरच्या शिकवणी वर्गांपुढील दुचाकींत तशा किती, परमेश्वर जाणे!)

"अन् अपघात झाला तर?"

"जखमीला कंपनी भरपाई देईलही, पण मग ती तुमच्याकडून वसूल करील. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही."

2024 च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेणारी मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप आहे. ते प्रकरण आम्हा दोघांनाही आठवले असावे. गुरुजी बराच वेळ गप्प होते. मग खाली पाहत म्हणाले, "तो म्हणतो, फादरनी तर मला जीप दिली होती."

खरेच होते ते. गतवर्षी लातूरहून परतताना चाकूरजवळ माझे डोळे मिटू लागले. बाजूला थांबून तासभर झोपायचे सोडून मी याच मुलाच्या हाती जीप दिली. अहमदपूरला उतरताना "झकास चालवतोस रे," अशी शाबासकीही दिली. बापाला कायदा सांगणाऱ्या मला ती रात्र तोवर आठवली नव्हती!

संध्याकाळी लातूरला फोन लावून मी मुलाची क्षमा मागितली. तो क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "फादर, जानेवारीत मला अठरा पूर्ण होतात. शिकाऊ परवाना काढला की शेजारी तुम्ही बसाल?"

बसेन म्हणालो. तोवर जीपची किल्ली कपाटात, कुलपाआड आहे.