एक खाडी, दोन काठ

मार्व्याला फेरीबोटीत बसावे आणि खाडी ओलांडून मनोरीला उतरावे, हा माझा नित्याचा प्रवास. मार्व्याहून पाहिले तर खाडी मार्व्याची वाटते, मनोरीहून पाहिले तर मनोरीची. पाणी मात्र एकच! ही साधी गोष्ट संगणकाच्या बाबतीत कळायला मला ठेच लागावी लागली.

आमच्या शाळेत दोन संगणक. एक कचेरीत, दुसरा शिक्षकांच्या खोलीत. दोघांना तारेने जोडून कचेरीतले एक फोल्डर सामायिक केले. दुसऱ्या संगणकावर दोन उलट्या तिरक्या रेघा ओढून पहिल्याचे नाव लिहावे, की फोल्डर समोर हजर! त्यात कोणी नुसते वाचावे आणि कोणी फेरफार करावेत, हे ठरवता येते. पण मी पडलो उदार. आपल्याच माणसांत बंधने कसली? सर्वांना सगळी मुभा देऊन मोकळा झालो.

गुणपत्रकांच्या शेजारीच मी माझ्या कादंबरीची टिपणेही ठेवली होती. आमच्या शेजारच्या ईस्ट इंडियन आजींनी सांगितलेल्या जुन्या लग्नांच्या, उंबराच्या पाण्याच्या हकीकती. आजी गेल्या पावसाळ्यात वारल्या.

एके सकाळी पाहतो तो टिपणे नाहीशी! कचेरीत तरुण कारकून बसलेला. मी त्याला नाही नाही ते बोललो. तो एवढेच म्हणाला, "सर, मी हात लावला नाही." आठ दिवस आमचा अबोला.

मग संगणक दुरुस्त करणारा आला. त्याने कचेरीतला रिसायकल बिन उघडला. त्यात महिन्याभराचा कचरा होता; टिपणे तेवढी नव्हती. तो म्हणाला, "इथे बसून पुसली असती तर इथे सापडली असती. दुसऱ्या संगणकावरून पुसलेले बिनमध्ये येत नाही, थेट जाते."

माझ्या पोटात धस्स झाले. आदल्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत आवराआवर मीच केली होती. 'मूळ कचेरीत आहेच, ही नक्कल कशाला?' म्हणून पुसून टाकले होते. वाचकहो, ती नक्कल नव्हतीच! सामायिक फोल्डर म्हणजे दुसरी प्रत नव्हे. एकाच वस्तूकडे उघडणारी ती दुसरी खिडकी.

मी कारकुनापाशी गेलो. "चुकलो रे," म्हटले. तो खाली मान घालून हसला. "सर, आजींच्या गोष्टी तुम्ही मधल्या सुट्टीत सांगत होतात ना? मला बऱ्याच आठवतात. लिहायच्या का?"

गेले दोन महिने शाळा सुटल्यावर आम्ही दोघे लिहीत बसतो. आजींची बोली त्याला माझ्याहून अधिक आठवते. आता त्या फोल्डरात इतरांना नुसते वाचण्याची मुभा आहे, आणि एक खरीखुरी प्रत पेनड्राइव्हवर माझ्या खिशात असते. फेरफार करण्याची मुभा फक्त कारकुनाला. मला स्वतःला मी ती दिलेली नाही!