चोर्ल्याची वाट आणि घरची पिकअप

बेळगावकराला गोव्यात उतरावयाचे तर घाटवाटा मुख्यत्वे तीन. आंबोलीची वाट सावंतवाडीवरून वळसा घेते. अनमोडची लोंढा, मोले असे करीत फोंड्याकडे जाते. आणि तिसरी चोर्ल्याची, ती जांबोटी, कणकुंबी ओलांडून थेट सत्तरीत उतरते. सहलीला निघालेल्यांस आंबोली प्रिय. परंतु ज्यांच्या हौद्यात आदल्या दुपारी काढलेला कोबी असतो आणि ज्यांना उजाडण्यापूर्वी म्हापसा गाठावयाचा असतो, त्यांची वाट चोर्ल्याचीच. या वाटेवर आमच्या घरची पिकअप गेली चौदा वर्षे धावत आहे. शाळेच्या सुट्यांत आम्ही धाकट्या बंधूंसमवेत तिच्या केबिनमध्ये बसून इतक्यांदा हा घाट उतरलो आहोत, की आता वळण येण्याआधीच शरीर त्या बाजूला कलते.

गाडी घेतली २०११ च्या दसऱ्याला. शहराच्या कडेला आमची तीन एकर जमीन. तीत कोबी, नवलकोल, गाजर, बीट आणि मिरची होते. त्यापूर्वी माल दुसऱ्याच्या ट्रकमधून जाई. ट्रक भरेपर्यंत आपली पोती रस्त्याकडेला पडून राहावयाची आणि दुसरे दिवशी पट्टी येईल तो भाव मुकाट्याने घ्यावयाचा, अशी रीत होती. शेतकऱ्याला स्वतःच्या वेळेला निघता यावे, एवढ्या एका इच्छेपोटी कर्ज काढून ही गाडी दारात आली.

आपल्याकडे ट्रक आणि रिक्षा यांच्यामधली जागा या गाड्यांनी भरून काढली. १९८८ साली पुण्याहून टाटामोबाइल निघाली. त्यापूर्वी बहुतेक जीपच्या साच्यावरील गाड्याच हे काम करीत. योगायोग असा, की त्याच १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याने, ज्या मालगाडीचे भारासह एकूण वजन ३००० किलोंच्या आत आहे, तिला परवान्याच्या अटीतून मोकळे केले. छोट्या मालकाच्या दृष्टीने ही सवलत लहान नव्हे. आमची गाडी कोणत्या कारखान्याची, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. या वर्गातील सर्व गाड्यांची प्रकृती थोड्याफार फरकाने सारखीच: पुढे डिझेल इंजिन, मागच्या चाकांना गती, आणि मागे भार पेलण्यास एकावर एक रचलेले पोलादी पाटे.

पिरनवाडीशी खानापूरचा रस्ता सोडला, की किणये आणि पुढे कुसमळीचा मलप्रभेवरील पूल लागतो. जांबोटीनंतर जंगल दाट होते. पाट्या कन्नड, बोलणे मराठी, आणि घाट उतरताच केरीपासून कानावर कोकणी पडू लागते. अवघ्या काही तासांच्या प्रवासात तीन भाषा हौद्यातील भाजीला न हलवता निघून जातात. कणकुंबी हे बेळगाव जिल्ह्यातील धुवाधार पावसाचे गाव. माउली देवीच्या या गावी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. येथूनच जवळ उगवणारा कळसा नाला मात्र पश्चिमेस वळून म्हादईला, म्हणजेच पुढच्या मांडवीला, जाऊन मिळतो. आषाढात केबिनच्या टपावर पडणारा पाऊस कोणत्या समुद्राला जाणार, हे येथे हातभर अंतरावरून ठरते.

या पाण्यावरून राज्याराज्यांत तंटा आहे. त्यासाठी २०१० साली न्यायाधिकरण नेमले गेले, २०१८ साली निवाडा झाला, तरी वाद शमलेला नाही. त्यात न्याय कोणता, हे सांगण्याचा आमचा अधिकार नव्हे. परंतु कोबीचा गड्डा म्हणजे बहुतांशी पाणीच. घाटमाथ्यावरील हे पाणी आठवड्यातून दोनदा आमच्या हौद्यातून गोव्यात उतरते आणि त्याबद्दल कोणी कोणाशी भांडत नाही, हे मात्र आम्ही चौदा वर्षे पाहत आलो आहोत.

हा व्यवहार आजचा नव्हे. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असतानाही बेळगावची भाजी खाली उतरत असे. १९५५ च्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा ती थांबली आणि गोमंतकीयांना बटाटा हॉलंडहून आणावा लागला. घाटाखालच्या भूमीला घाटमाथ्याची केवढी गरज, आणि घाटमाथ्याला त्या बाजाराची केवढी, हे त्या एका बटाट्यावरून कळावे.

चोर्ल्याहून खाली उतरण म्हणजे सुमारे आठशे मीटरच्या उंचीवरून थेट सत्तरीच्या सखल भागात. येथे गाडीची आणि चालकाचीही परीक्षा होते. टनभर माल मागे असताना केवळ ब्रेकवर विसंबले तर लायनर तापून पकड सुटते. म्हणून चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावयाचे, आणि वेग इंजिनाच्याच दाबाने आवरावयाचा. बंधू म्हणतात, “अण्णा, घाटात गाडीला घाई चालत नाही, आणि माणसालाही नाही.” परतीची अडचण वेगळी. हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी होते आणि गती तर मागच्याच चाकांना. ओल्या चढावर ती जागच्या जागी फिरू लागतात. यास्तव पावसाळ्यात नारळाचे भाडे मिळाले नाही तर आम्ही वाळूची चार पोती हौद्यात टाकून येतो. लोक हसतात, पण ओझ्यावाचून स्थैर्य नाही, हा धडा वर्गात शिकविण्यापेक्षा या चढावर लवकर पटतो.

गाडीचा हिशेब आम्ही एका वहीत ठेवला आहे. तीन लाख किलोमीटर कधीच मागे पडले. भरलेली गाडी लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते, रिकामी तेरापर्यंत. क्लच प्लेट तीनदा बदलली, टायरचे सहा संच झिजले, पाट्यांतील मुख्य पाटा दोनदा तुटला. इंजिन मात्र वेळच्या वेळी तेल बदलल्यामुळे अद्याप उघडावे लागलेले नाही. खरा शत्रू आहे गंज. ओल्या भाजीचे पाणी हौद्याच्या सांध्यांत मुरते, त्यात किनाऱ्यावरील खारी हवा. पत्रा आतून खातो आणि वरून रंग शाबूत दिसतो. दोनदा नवा पत्रा घातला. आता प्रत्येक खेपेनंतर फाळका उघडून हौदा गोड्या पाण्याने धुणे आणि उन्हात सुकविणे, हा घरातील नेम झाला आहे.

येत्या दसऱ्याला गाडीस पंधरा वर्षे पूर्ण होतील, आणि त्यावरून घरात विचारविनिमय चालू आहे. मालगाडीस आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंग करावेच लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढलेले आहे. पुतण्याचे म्हणणे असे, “काका, ही विकून टाकू आणि भाड्याची गाडी लावू. खर्च कमी, कटकट नाही.” आकड्यांनी पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु आम्ही वहीची दुसरी बाजूही त्याच्यापुढे ठेवली. २०२० च्या मार्चअखेर सीमेवर वाहतूक अडली, भाड्याच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा आवश्यक मालाचा पास मिळताच पहिल्या दिवशी निघू शकली ती घरची गाडी. भाड्याची गाडी त्या घडीला कोणाच्या दारी थांबली असती, हे कोणी सांगावे?

शिवाय शहर वाढत वाढत आमच्या बांधाशी येऊन ठेपले आहे. शेजारच्या दोन मळ्यांत प्लॉट पडले. त्या दोन्ही घरांतून आधी गाडी गेली, मग मळा गेला, हा क्रम आम्ही पाहिला आहे. माल स्वतःच्या वेळेला बाजारात नेता येईनासा झाला, की शेती परवडेनाशी होते. आणि परवडेनाशी झाली, की जमिनीची किंमत पिकापेक्षा जास्त दिसू लागते. म्हणून प्रश्न जुन्या लोखंडाचा नसून, घाटमाथ्यावर नांगर राहणार की नाही, याचा आहे.

अखेर ठरले ते असे: या वर्षी पासिंग करून घ्यावयाचे, चेसिसला गंज लागलेला आढळला तर भावनेत न अडकता गाडी मोडीत द्यावयाची, आणि तिच्या जागी दुसरी, जुनी का होईना, पण घरचीच घ्यावयाची. पुतण्याने एक अट घातली आहे, ती आम्हांस मनापासून आवडली: यापुढे वही तो लिहिणार, आणि घाट बंधूंनी त्याला शिकवावयाचा.