कॅमेऱ्याची पाठ

अध्यापकाच्या धंद्यांत धोके पुष्कळ आहेत. परंतु त्यांतला मोठा धोका विद्यार्थी आपलें ऐकत नाहींत हा नसून, एखादे वेळीं ते खरोखरच ऐकतात, हा होय. गेलीं तीस वर्षें आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों. शेक्सपियरमुळें आमच्या वर्गांतील कोणाचें आयुष्य ढवळून निघाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. पण गेल्या पावसाळ्यांत सिनेमाविषयीं आम्ही सहज सांगितलेली एक गोष्ट चार मुलांनीं मनावर घेतली, आणि तिचा परिणाम पोलादपूरच्या वरच्या अंगास, डोंगरांतील एका वाडींत, एका आजींच्या ओटीवर बसून आम्हांस पाहावा लागला. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

झालें असें कीं, महाडच्या आमच्या महाविद्यालयांतील तीन मुलगे व एक मुलगी यांनीं स्नेहसंमेलनासाठीं एक गाणें चित्रित करण्याचें ठरविलें. अशा चित्रणास हल्लीं म्यूझिक व्हिडिओ म्हणतात. गाणें त्यांच्यापैकींच एकानें रचिलेलें, सावित्री नदीवरचें. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते आणि बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. गाण्यानेंही तोच मार्ग धरिला होता. साधनें म्हणावीं तर दोन मोबाईल, एक तिपाई, कोणा मामाची मोटारसायकल आणि चित्रांचें संकलन करण्यासाठीं एक जुना लॅपटॉप. मार्गदर्शक म्हणून आमची निवड झाली, ती तरुणपणीं आम्हीं बरेच जुने बोलपट पाहिले होते, एवढ्याच भांडवलावर.

पहिले प्रयोग गमतीचे झाले. गाणारा मुलगा नदीच्या काठानें स्वप्नांत चालल्यासारखा संथ चालावा, पण त्याचे ओठ मात्र शब्दांशीं नेमके जुळावे, अशी पोरांची इच्छा. याची युक्ति त्यांनींच शोधून काढिली. गाणें दुप्पट वेगानें वाजवावयाचें, मुलानें त्या वेगानें तें म्हणावयाचें, सेकंदास साठ चित्रें घ्यावयाचीं आणि दाखवितांना तीस दाखवावयाचीं. म्हणजे चाल निम्मी होते, आणि ओठ मूळ गाण्यावर बरोबर येऊन बसतात. गांधारपाल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशीं हा प्रयोग चालला असतां, तोंडाचा पट्टा सोडून धांवणाऱ्या त्या नायकाकडे पाहून एक शेतकरी बैल थांबवून उभा राहिला. "ह्याला झालंय तरी काय?" असें त्यानें आम्हांस विचारलें. पडद्यावर मात्र तोच मुलगा हंसासारखा तरंगत होता!

काळ असा ताणतां येतो, तसा आंखडतांही येतो. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणण्यापूर्वीं दादासाहेब फाळक्यांनीं एका रोपाची वाढ रोज थोडीथोडी टिपून ती पाहणाऱ्यांस कांहीं क्षणांत दाखविली होती. हें आम्हीं सांगतांच पोरांनीं प्रयोगशाळेच्या खिडकींत वाल पेरिले. आमच्याकडील आषाढांत वालाच्या अगोदर बुरशी उगवली; तिची वाढ मात्र उत्कृष्ट चित्रित झाली. बोलपटाच्या आरंभींच्या वर्षांत नटास कॅमेऱ्यापुढें प्रत्यक्ष गावें लागे व साथीदार आडोशास लपून वाजवीत. १९३५ च्या 'धूप छाँव'मध्यें गाणें अगोदर ध्वनिमुद्रित करून नंतर चित्रित करण्याची रीति आली. हाहि इतिहास आम्हीं उत्साहानें सांगितला. ऐकणारे मिळाले म्हणजे आमच्यासारख्यास थांबणें कठीण जातें.

चित्रें जमलीं, तेव्हां तीं तोडावीं कोठें, हा प्रश्न आला. पहिल्या खेपेस त्यांनीं ढोलकीच्या प्रत्येक थापेवर एक तोड घातली. दुसऱ्या कडव्याअखेर आम्हांस घेरी आली. मग आम्हीं त्यांस कुलेशॉव्हची गोष्ट सांगितली. १९२० च्या सुमारास या रशियन दिग्दर्शकानें एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचें एकच चित्र घेतलें, आणि तें आलटून पालटून सूपाच्या बशीस, शवपेटीस व एका तरुण स्त्रीस जोडलें. पाहणाऱ्यांनीं त्या नटाची भूक, त्याचा शोक व त्याची अभिलाषा यांची तोंड भरून स्तुति केली, असें सांगतात. चेहरा एकच, अर्थ शेजारच्या चित्रानें दिला. "संकलन म्हणजे कापणें नव्हे, जोडणें," असें वाक्यहि आम्ही शेवटीं टाकलें, आणि वर्गांत टाळी पडते तसे प्रसन्न झालों.

आठ दिवसांनीं पोरांनीं आम्हांस नवी जोडणी दाखविली. तींत सावित्रीचा पूर होता. २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत पाणी शिरलें, तेव्हां संकलन करणाऱ्या मुलानें घराच्या माडीवरून तो मोबाईलवर टिपला होता. त्याच्या वडिलांचें वाणसामानाचें दुकान त्या पाण्याखालीं गेलें. गढूळ पाणी, त्यांत तरंगणारें एक पिंप, बुडालेली पाटी. आणि लगेच पुढें एका वृद्ध स्त्रीचा चेहरा. ती दूर कोठें तरी पाहत आहे, पापणी लवत नाहीं. आमच्या डोळ्यांत पाणी आलें. आम्हीं त्या मुलाच्या पाठीवर थाप मारली.

त्या आजी आम्हांस ठाऊक होत्या. भातलावणीचीं चित्रें घेण्यासाठीं मुलें पोलादपूर तालुक्यांतील त्या वाडींत गेलीं, तेव्हां आजी ओटीवर बसल्या होत्या. "काढूं का, आजी?" असें विचारतां "काढा कीं, माझं काय जातंय?" असें म्हणून त्या पुन्हा आपल्या विचारांत गेल्या, तेवढ्यांत हें चाळीस सेकंदांचें चित्र मिळालें.

"आजींना एकदां दाखवायला नको का, सर?" ही सूचना त्यांच्यांतल्या मुलीची. आमच्या तें ध्यानांतहि आलें नव्हतें. रविवारीं आम्ही सारे वाडीवर गेलों. आजींनीं मोबाईल हात लांब करून धरिला. स्वतःस पाहून त्या हंसल्या. मग हंसें थांबलें.

"पाणी कुठलं रं हें?"

"महाडचं, आजी. मोठ्या पुराचं."

"मग मी त्याच्याकडं कशापायीं बघतेय? आमच्याकडं पाणी नव्हतं आलं, बाबा. आमच्याकडं डोंगर आला."

कोणीच बोललें नाहीं. पाऊस एकच होता, दिवसहि तोच. खालीं महाडांत नदी दुकानांत शिरली, आणि वर पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व साखर-सुतारवाडी येथें दरडी कोसळल्या. महाड तालुक्यांतील तळियें तर त्याच दिवशीं जवळजवळ सारें गाडलें गेलें. आजींनीं बोटानें समोर दाखविलें. दरीपलीकडच्या हिरव्यागार उतारावर वरपासून खालपर्यंत एक तांबडा ओरखडा होता. "मी तिकडं बघत होतें," त्या म्हणाल्या. त्या उतारानें त्यांचें काय नेलें, हें आम्हीं विचारलें नाहीं; त्यांनींहि सांगितलें नाहीं. ओटीवर तिपाई मांडून चाळीस सेकंद चित्र घेतलें, त्या वेळीं हा उतार कॅमेऱ्याच्या पाठीशीं होता. आमच्यापैकीं एकानेंहि मान वळविली नव्हती.

उतरतांना तो मुलगा म्हणाला, "सर, मीं खोटं कांहीं दाखवलं नाहीं. पूर खरा, आजी खऱ्या. दुःख तर दुःखच ना?" या प्रश्नाचें उत्तर आम्हांस घाट संपेपर्यंत सुचलें नाहीं. तुकडे सारे खरे होते. खोटेपणा होता तो सांध्यांत. कुलेशॉव्हचा नट पेशानेंच चेहरा उसना देणारा. आजींनीं तो कोणास दिला नव्हता. शिवाय त्या प्रयोगानें चेहऱ्याविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं, होतें तें पाहणाऱ्याच्या मनाविषयीं. ही गोष्ट आम्ही इतकीं वर्षें सांगत आलों, पण ती आम्हांसच कळली नव्हती. दोष मुलाचा नव्हता. आपलें दुःख स्वतःच्या तोंडावर दाखविण्याचा त्यास संकोच वाटला, म्हणून त्यानें तें दुसऱ्याच्या तोंडावर ठेविलें. आणि तशी हातचलाखी करतां येते, हें त्यास शिकविलें आम्हीं.

पुढच्या रविवारीं मुलें पुन्हा वर गेलीं. या खेपेस अगोदर आजींस विचारलें, आणि कॅमेरा फिरवून त्या उताराचें चित्र घेतलें. पण तें गाण्यांत बसेना. पूर धांवतो, त्यावर ढोलकी चालते. उतार नुसता उभा असतो. तेव्हां आम्हांस प्रभातचा 'कुंकू' आठवला. १९३७ सालच्या त्या बोलपटांत शांतारामांनीं पार्श्वसंगीत वर्ज्य करून केवळ स्वाभाविक आवाजांवर काम भागविलें होतें. मुलानें तेवढ्या वेळापुरतें गाणें बंद केलें. पत्र्यावरचा पाऊस, आंत कोठें भांडें ठेविल्याचा आवाज, आणि समोर तो तांबडा ओरखडा. मग आजींचा चेहरा. पुराचें चित्र आपल्या जागीं राहिलें, आणि त्यापुढें त्या मुलाचाच चेहरा आला. तो त्याच्या मैत्रिणीनें, दुकानाच्या पायरीवर त्यास उभें करून घेतला. त्यासाठीं त्याची पुष्कळ मनधरणी करावी लागली.

संमेलनांत या व्हिडिओचें बरें स्वागत झालें. उत्कृष्ट झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. गाणें थांबलें तेथें मागच्या बांकांवरून एक शिटी आली, आणि आमच्या एका सहकाऱ्यांनीं "मध्येंच जरा रेंगाळतो, नाहीं?" असा अभिप्राय दिला. त्यांचें म्हणणें खरें आहे. पहिल्या जोडणीनें आम्हांस रडविलें होतें, तसें या जोडणीनें कोणासहि रडविलें नाहीं.

नंतर आजींस ती पुन्हा दाखविली. उतार आला तेव्हां त्यांनीं मान हलविली, नाहीं हलविली, आम्हांस नक्की दिसलें नाहीं. शेवटपर्यंत पाहून त्यांनीं मोबाईल परत दिला आणि त्या मुलाकडे वळल्या.

"पायरीवरला तूंच ना? तुझं दुकान कुठंशी होतं रं?"

तो त्यांच्याजवळ ओटीवर बसला आणि सांगूं लागला. त्यास बराच वेळ लागला. तोंवर आम्ही अंगणांत उभें राहून समोरच्या उताराकडे पाहत होतों.