त्र्यंबकच्या डोंगरवाटा आणि सायकल

त्र्यंबकेश्वरच्या परिसरात डोंगरी सायकल चालवायची, तर आधी तेथील खडक समजून घ्यावा लागतो; कारण वाट कोठून जाईल, ती किती रुंद असेल आणि कोणत्या जागी सायकलस्वाराला खाली उतरावे लागेल, हे येथे बहुतांशी खडकानेच ठरवून ठेवलेले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेला लाव्हारस थरावर थर साचत गेला आणि थिजून बेसॉल्ट नावाचा काळा खडक झाला. हे थर सारखेच टणक नसतात. घट्ट थर उभ्या कड्यांच्या रूपाने टिकून राहतात, तर वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिलेले सच्छिद्र थर लवकर झिजतात आणि त्यांच्या जागी सौम्य उताराचे पट्टे तयार होतात. ब्रह्मगिरी (उंची सुमारे १२९५ मीटर), त्याच्या पूर्वेची अंजनेरी आणि पश्चिमेचा हरिहर या तिन्ही डोंगरांना त्यामुळेच कडा, त्याखाली सपाटी आणि पुन्हा कडा अशी पायऱ्यापायऱ्यांची घडण लाभली आहे. माथ्यावरून सुटावे आणि पायथ्याशीच थांबावे, हा डोंगरी सायकलिंगचा जगभर प्रसिद्ध असलेला प्रकार या घडणीत बसत नाही. त्र्यंबकची सायकल डोंगर उतरत नाही, ती डोंगराच्या कडेकडेने आडवी जाते, आणि या खेळाचे तेथील सारे वेगळेपण या एका गोष्टीतून आलेले आहे.

या खेळाचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॅरिन परगण्यातील टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात झाला. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने खाली सोडत असत. त्या सायकलींना पायडल उलटे दाबून लागणारा, चाकाच्या तुंब्यातच बसवलेला ब्रेक असे. एका उतरणीतच तो इतका तापायचा, की आतले ग्रीस जळून जायचे आणि तुंबा उघडून नव्याने भरावा लागायचा. ज्या रस्त्यावर १९७६ पासून त्यांच्या शर्यती झाल्या, त्याला यावरूनच ‘रीपॅक’ हे नाव पडले. पुढे खास याच कामासाठी सायकली बनू लागल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश झाला. इकडे त्र्यंबकजवळचे नाशिक हे सायकलप्रेमींचे शहर खरे, आणि ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत २०१५ मध्ये दोघांच्या गटात पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू याच शहराचे. परंतु ती परंपरा डांबरी रस्त्याची आहे. शहरापासून जेमतेम तीस किलोमीटरवर असलेल्या त्र्यंबकच्या रानवाटांकडे वळणारे सायकलस्वार त्या मानाने थोडेच दिसतात.

येथे सायकलसाठी म्हणून आखलेली वाट नाही. ज्या वाटा आहेत, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात: पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या गाडीवाटा, पाण्याला, सरपणाला व गुरांमागे जाणाऱ्यांनी पाडलेल्या पायवाटा, आणि यात्रेकरूंच्या प्रदक्षिणेची वाट. शेवटची सर्वांत प्रसिद्ध. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी लाखो भाविक कुशावर्त कुंडावर स्नान करून ब्रह्मगिरीला फेरी घालतात. ही सुमारे वीस किलोमीटरची फेरी प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने, धाडोशी, सापगाव आणि गणपतबारी अशी डोंगर सतत उजव्या हाताला ठेवून पूर्ण होते. त्या दिवशी किंवा आदल्या रात्री तेथे सायकल नेणे हा शुद्ध अविचार ठरेल. मात्र नवरात्रानंतर, पाऊस ओसरून जमीन आवळली की, हीच फेरी डोंगरी सायकलसाठी उत्तम असते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. फेरीचा बराच भाग आता डांबरी झाला असला, तरी रस्त्याच्या आणि डोंगराच्या मधल्या पट्ट्यात जुन्या पायवाटा शाबूत आहेत आणि पाड्यावर विचारले तर कोणीही त्या दाखवते.

पहिन्यापर्यंतचा भाग भराभर मागे पडतो. त्यापुढे गाडीवाट सोडून पायवाटेला लागले, की जमिनीचा पोत वीस-तीस पावलांवर बदलतो. प्रथम मुरूम, म्हणजे झिजलेल्या खडकाची भरड, तांबूस माती, लागतो. टणक कातळावर त्याचे सुटे खडे पसरलेले असले, की चाकाखाली जणू गोट्या ओतल्यासारखे होते आणि पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला तर सायकल आडवी होते. येथे हाताने कमी आणि शरीराने जास्त सायकल चालवावी लागते: दोन्ही पायडल एका पातळीत ठेवायची, बैठकीवरून उठून वजन मागे न्यायचे, नजर चाकासमोर न ठेवता पाच-सहा हात पुढे ठेवायची आणि मागचा ब्रेक थोडाथोडा सोडत-धरत उतरायचे. मुरूम संपला की ओढ्याचे पात्र येते. त्यातील गुळगुळीत काळ्या धोंड्यांवर आश्विनातही शेवाळाचा पातळ थर असतो, तो उन्हात कोरडा दिसतो आणि चाक पडताच निसटतो. ओढ्यापलीकडे ऐन, साग, जांभूळ आणि करवंदीच्या जाळ्यांतून जाणारी वाट एकेरी होते. एकेरी वाट म्हणजे जिच्यात एकच माणूस किंवा एकच सायकल मावते ती. दोन्ही बाजूंनी कमरेइतके गवत झुकलेले असते, त्यातला दगड दिसत नाही, तो पायडलला लागल्यावरच कळतो.

अशा जमिनीसाठी सायकलही निराळी लागते, परंतु दुकानदार सांगतात तितकी महागडी नव्हे. पुढच्या काट्यात धक्के शोषणारी, सुमारे शंभर मिलिमीटर दबणारी स्प्रिंग किंवा हवेची नळी, चकतीचे ब्रेक आणि सव्वादोन इंच रुंदीचे खाचदार टायर एवढे पुरते. टायरमध्ये हवा मात्र डांबरी रस्त्यावर भरतात त्याच्या निम्म्याहून कमी ठेवावी, म्हणजे टायर दगडावर पसरून पकड घेतो. या भागात काट्यांना तोटा नाही. त्यामुळे ट्यूब काढून टाकून टायरमध्ये पातळ चीक भरण्याची पद्धत, जीत काटा लागताच चीक छिद्रात जाऊन गोठतो आणि गळती आपोआप थांबते, ही येथे चैन नसून गरजच आहे.

यंत्र कसेही असले तरी फेरीच्या काही भागांत सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि हे टाळता येण्याजोगे नाही. दोन सपाट्यांच्या मध्ये कड्याचा तुकडा आला, की वाट दगडांच्या पायऱ्यांनी वर चढते आणि तेरा-चौदा किलोचे ओझे मानेवर पेलत चढणारा सायकलस्वार गुराख्यांच्या करमणुकीचा विषय होतो. धाडोशीच्या बाजूला अशाच एका चढावर बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी प्रस्तुत लेखकाला शांतपणे विचारले होते, “दादा, सायकल तुम्हाला नेती, का तुम्ही सायकलला?” या प्रश्नाला त्या ठिकाणी तरी प्रामाणिक उत्तर एकच होते, आणि ते ऐकून बाबांनी पाण्याची बाटली भरून घेण्यासाठी झऱ्याची जागा दाखवली.

पाण्याचा विषय येथे सायकलपेक्षा पुष्कळ मोठा आहे. १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळणारी गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि याच डोंगरांच्या पश्चिम अंगाचे ओढे वैतरणेला मिळून अरबी समुद्राकडे जातात. म्हणजे फेरी घालणारा सायकलस्वार एका सकाळीच जलविभाजक, दोन नद्यांचे पाणी वेगळे करणारी उंचवट्याची रेषा, ओलांडतो. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या डोंगरावरील मेटांना चैत्र-वैशाखात पिण्याचे पाणी मिळत नाही, कारण भरीव बेसॉल्टमध्ये पाणी मुरायला जागा फारशी नसते आणि उतारावरून ते वाहून जाते. मेट म्हणजे किल्ल्याच्या घेऱ्यातील पहारेकऱ्यांची वस्ती. ब्रह्मगिरीचा किल्ला ओस पडला, तरी मेटघर किल्ला या गावाच्या नावात आणि डोंगराच्या अंगावरील वस्त्यांत ती टिकून आहे. तेथील बायका खोल विहिरीतून हंडे भरून ज्या वाटेने चढतात, ती वाट सायकलस्वाराच्या नकाशावर ‘अवघड, मनोरंजक’ अशी नोंदलेली असू शकते. डोक्यावर दोन हंडे घेतलेल्या बाईला थांबता येत नाही, वळता येत नाही आणि खाली बघताही येत नाही. म्हणून माणूस दिसताच सायकलवरून उतरावे, सायकलसह वाटेच्या दरीकडच्या बाजूला उभे राहावे आणि डोंगराकडची बाजू तिला मोकळी द्यावी. घंटी वाजवून बाजूला व्हायला सांगणारे शहरी सायकलस्वार या वाटांवर दिसतात. त्यांनी डांबरी रस्त्यावरच राहिलेले बरे.

ऋतूंविषयी थोडक्यात. आषाढ-श्रावणात ढग वाटेवरच उतरतात, दहा हातांपलीकडचे दिसत नाही आणि चाकाने उकरलेल्या चाकोरीतून पाणी वाहू लागले की पायवाटेचा ओहोळ होतो. तेव्हा या काळात चाक रानात घालूच नये. पौषात संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकला येतात, ते दिवस टाळावेत. फाल्गुनापासून सागाच्या वाळल्या पानांचा थर घसरडा होतो आणि वणव्याची भीती असते. उरतात ते आश्विन ते माघ हे महिने, आणि त्यांतही नागली-वरईची काढणी चालू असेल तेथे खाचराच्या बांधावरून सायकल नेऊ नये.

अंजनेरीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तेथील ५.६९ चौरस किलोमीटरचे वनक्षेत्र २०१७ मध्ये संवर्धन राखीव म्हणून घोषित झाले. वन्यजीव संरक्षण कायद्याने सरकारी जमिनीवर स्थानिकांच्या सहभागाने राखायचे क्षेत्र, असा या संज्ञेचा अर्थ. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे घरटी करतात आणि माथ्यावरील उथळ मातीत सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्पाच्या कुळातले रोप उगवते. २००६ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या या वनस्पतीला अंजनेरीचेच नाव मिळाले आहे. तिचा कंद जमिनीत बोटभर खोलीवर असतो आणि फुले नसताना ती गवतात ओळखूही येत नाही. माथ्याचे पठार सायकलसाठी किती सुरेख आहे, हे पायी चढून गेलेल्या कोणालाही दिसते. परंतु रुतलेले खाचदार चाक तो कंद उपटून टाकू शकते. पायथ्याच्या गाडीवाटा अंजनेरी गावात विचारून, आणि वनखात्याच्या हद्दीत परवानगी घेऊन, अवश्य चालवाव्यात. पायऱ्यांपाशी पोहोचल्यावर सायकल गावातच कोणाच्या तरी ओसरीला लावावी आणि वर पायी जावे.